गाणे बंद झाले तेव्हा

उपासनेत शब्द मोठा की सूर मोठा, हा प्रश्न आपण पुष्कळदा ऐकतो आणि वाद घालून सोडून देतो. आता असे समजा, की कोणी अधिकारी आपल्यापाशी आला आणि म्हणाला, 'शब्द सगळे म्हणा, एकही गाळू नका. पण दार लावून, हळू आवाजात, नुसते वाचा. गायचे मात्र नाही.' मग आपले काय गेले? अर्थ तर सारा शाबूत आहे.

ही कल्पना नव्हे. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी, बिंगेन गावाजवळ रूपर्ट्सबर्ग नावाचा साध्वींचा मठ होता. तेथे ११७८ साली नेमका असाच हुकूम आला. मठाची प्रमुख हिल्डेगार्ड त्या वेळी ऐंशी वर्षांची होती. हा मठ तिनेच ११५० च्या सुमारास वसवलेला. तिने सत्तरांहून अधिक स्तोत्रे रचली आणि त्यांना चाली दिल्या. त्या चाली साध्या नाहीत. काही ठिकाणी सूर दोन सप्तकांपेक्षाही अधिक अंतर चढतो-उतरतो. गाणे आपण कोणा माणसापाशी शिकलो नाही, असे ती सांगत असे.

त्या मठात गाणे म्हणजे काय होते, हे आधी ध्यानी घ्यावे. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा सर्वांनी जमून स्तोत्रे म्हणायची. बायबलातील दीडशे स्तोत्रे आठवड्यात एकदा पुरी झालीच पाहिजेत. भाषा लॅटिन, सूर एकच, सर्वांचा मिळून. ऐन झोपेतून उठून, कडाक्याच्या थंडीत, वर्षानुवर्षे. जे रोज आठ वेळा केले जाते त्याला छंद कोण म्हणेल? त्या स्त्रियांचा दिवस गाण्यानेच बांधलेला होता.

बंदी आली ती एका मढ्यावरून. एक उमराव वारला आणि मठाच्या आवारात त्याला पुरले. पूर्वी कधी तरी चर्चने त्याला बहिष्कृत केले होते. माइन्झ येथील धर्माधिकाऱ्यांनी फर्मान काढले, की बहिष्कृताचे प्रेत पवित्र भूमीत राहता कामा नये, उकरून बाहेर टाका. हिल्डेगार्डचे म्हणणे असे, की मरणापूर्वी त्याने पापाची कबुली दिली होती, त्याला क्षमा मिळाली होती, अंत्यसंस्कारही रीतसर झाले होते. तिने प्रेत उकरू दिले नाही. आपल्या काठीने तिने थडग्याची खूणच पुसून टाकली, असे सांगतात. मग शिक्षा झाली. मठात मिस्सा व्हायची नाही, साध्वींना ख्रिस्तप्रसाद मिळायचा नाही, आणि गायन बंद.

येथे थोडे थांबावे. धर्माधिकाऱ्यांना दुष्ट ठरवणे सोपे आहे आणि मला ते पटत नाही. त्यांच्या बाजूने पाहिले तर नियम हा नियम आहे. बहिष्कार जाहीर झाला होता. क्षमा मात्र मरणाऱ्याच्या खोलीत, चार माणसांत झाली. एखादा मठ 'आम्हांला ठाऊक आहे' एवढ्यावर नियम मोडू लागला, तर उद्या कोणीही मोडील. हे म्हणणे पोकळ नाही.

आणि हिल्डेगार्डने काय केले ते पाहा, कारण खरी गाठ तेथेच आहे. तिने एक हुकूम मोडला आणि दुसरा पाळला. प्रेत उकरले नाही, पण गाणेही बंद ठेवले. आपल्या मनाला पटले नाही म्हणून सगळेच झुगारून दिले, असे तिने केले नाही. जो हुकूम पाळल्याने दुसऱ्याची विटंबना झाली असती तो तिने नाकारला. ज्याचा भार आपल्यावर पडत होता तो उचलला. मात्र मुकाट्याने नव्हे. तिने माइन्झच्या अधिकाऱ्यांना एक लांबलचक पत्र लिहिले, आणि मध्ययुगात गाण्याविषयी जे लिहिले गेले त्यात या पत्राचे स्थान फार वरचे आहे.

त्या पत्रातील विचार थोडक्यात असा. आदिपुरुष आदाम याचा आवाज पतनापूर्वी देवदूतांच्या गायनाशी जुळलेला होता. पाप घडले आणि तो आवाज हरवला. पुढे संदेष्ट्यांनी स्तोत्रे रचली, वाद्ये घडवली, ती माणसाला त्या हरवलेल्या आवाजाची आठवण व्हावी म्हणून. शरीर हे जिवाचे वस्त्र आहे, आणि जिवाला आवाज आहे. म्हणून शरीराने जिवासह गाऊन स्तुती करावी हेच योग्य. सैतानाला माणसाचे गाणे सहन होत नाही. तेव्हा नीट विचार न करता जे ईश्वराचे गायन बंद पाडतात, त्यांना स्वर्गातील गायनात वाटा मिळणार नाही, असा इशाराही तिने दिला. ऐंशी वर्षांची बाई वरिष्ठांना हे लिहिते!

तिच्या एका संगीत नाटकात सद्गुणांची पात्रे गातात, माणसाचा जीवही गातो. सैतान तेवढा गात नाही, तो नुसता ओरडतो. सूर त्याला दिलेलाच नाही.

याच्या उलट बाजूचाही विचार त्या परंपरेत झाला आहे. संत ऑगस्टिन यांनी सुमारे ४०० साली लिहून ठेवले, की गायलेल्या अर्थापेक्षा गाण्यानेच आपले मन अधिक हलले तर ते आपल्याला पाप वाटते. आणि तरीही, धर्माकडे वळण्याच्या दिवसांत चर्चमधले गाणे ऐकून आलेले अश्रू त्यांना विसरता आले नाहीत. सुरात रमणाऱ्या प्रत्येकाने ही भीती एकदा तरी बाळगावी, असे मला वाटते.

आता मूळ प्रश्न. गाणे जर एवढे थोर, आदामाच्या हरवलेल्या आवाजाची खूण, तर एका मेलेल्या माणसासाठी तिने ते घालवले कसे? खड्डा उकरला असता तर त्याच संध्याकाळी मठ पुन्हा गाऊ लागला असता. मला वाटते, तिला नेमके हेच दिसत होते. क्षमा झालेल्या माणसाला बाहेर फेकून मग जे गायचे, त्यात सूर, ताल, शब्द सगळे असते. पण ज्याच्यासाठी गायचे त्याने दिलेली क्षमाच पायदळी तुडवलेली असती. वाचकहो, तुम्हांला येथे दुसरे काही दिसते का, हे ज्याचे त्याने पाहावे. गाणाऱ्या माणसाला हा हिशेब सोपा नाही.

पुढे कोलोनचे आर्चबिशप फिलिप मदतीला आले. त्या उमरावाबरोबरच क्षमा मिळालेला एक सरदार साक्षीला उभा राहिला. माइन्झचे आर्चबिशप ख्रिश्चन तेव्हा इटलीत होते. बरीच ये-जा होऊन अखेर ११७९ च्या मार्चमध्ये त्यांनी बंदी उठवली. पत्रात त्यांनी सहानुभूती दाखवली, पण पुरावा मिळेपर्यंत बंदी योग्यच होती हेही ऐकवले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हिल्डेगार्ड वारली. म्हणजे गाणे परत मिळाल्यावर तिच्या वाट्याला जेमतेम सहा महिने आले.

१६३२ साली युद्धात मठ उद्ध्वस्त झाला. स्तोत्रे उरली, पत्रही उरले. ज्याच्यासाठी हे सारे घडले त्या माणसाचे नाव त्या पत्रात कोठेही नाही.