खारातला मोती

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

सद्भक्तहो, आपल्या गावाच्या नावात दर्या आहे, पण समुद्र इथून शेकडो मैल लांब. तरी खारं पाणी आपल्याला नवं नाही. पूर्णाकाठचा हा खारपाणपट्टा. विहीर खोदली की पाणी लागतं, पण ते ना पिकाला मानवत, ना पोटाला. म्हणून आज खाऱ्या पाण्यातल्या शिंपल्याची गोष्ट.

जुनी माणसं सांगत, स्वातीच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो. कल्पना गोड, पण घडण निराळी. शिंपल्याच्या मऊ अंगात एखादा बारीक जीव शिरतो किंवा आतल्या पडद्याला इजा होते. त्याला हात नाहीत, खुपणारं काढून टाकता येत नाही. मग कवचाला आतून झळाळी देणारं जे द्रव्य त्याच्यापाशी असतं, त्याचेच थर तो त्यावर चढवत राहतो. कागदाहून पातळ थर, एकावर एक. वर्षं जातात, तेव्हा मोती होतो. जपानात मिकिमोतो यांनी 1893 साली शिंपल्यात मुद्दाम बीज ठेवून मोती पिकवला. पण थर चढवले ते शिंपल्यानंच!

अवधूतांनी यदुराजाला चोवीस गुरू सांगितले. त्यांत समुद्र आहे, शिंपला नाही. पण असं पाहायची दृष्टी त्यांनीच दिली. सद्गुरू नामाचं बीज ठेवतात, थर आपण चढवायचे. रोजची एक माळ, एक थर. आपल्या वऱ्हाडातल्या कारंज्याचे बाळ नरहरी मुंजीपर्यंत ॐकाराखेरीज काही बोलले नाहीत. लोक मुका म्हणाले. मुंज झाली आणि त्याच मुखातून वेद प्रकटले.

आता एक नीट ऐका. प्रत्येक शिंपल्यात मोती नसतो. शेकडो उघडावे, तेव्हा एखादा मिळे. आणि मोत्यासाठी फोडलेला शिंपला जगत नसे. म्हणून नापिकीनं, कर्जानं खचलेल्या शेजाऱ्याला 'सोस बाबा, दुःखातूनच मोती होतो' असं सांगू नका. हे ज्ञान स्वतःच्या दुःखापुरतं ठेवा. त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. 'जेवलास का?' विचारा. दत्त महाराज कोणत्या रूपात दारी येतील, कुणाला कळलंय? दरवेळी झोळीच घेऊन येतील असं नाही, कधी उतरलेला चेहरा घेऊनही येतील.

मोत्याचं मोल त्याच्या पाण्यावर ठरतं. दुसऱ्यासाठी आपल्या डोळ्यांत पाणी यावं, एवढंच या जयंतीला महाराजांपाशी मागू या.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!