वही कुणाच्या हातात?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी जमलेले शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. सरकारने नेमलेल्या आयोगाला या दंग्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. लोक कर्जरोखे, हुकूमनामे आणि खातेवह्या मागत होते. हाती आल्या की जाळत होते. जिथे सावकाराने कागद निमूट काढून दिले तिथे बहुधा मारहाणही झाली नाही.

कागदांवरचा हा राग समजून घ्यायला हवा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच धरला जाऊ लागला. कुळाच्या सोयीसाठी केलेल्या या तरतुदीचा उपयोग सावकाराने स्वतःसाठी केला. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिसळून तो नवा रोखा करून घेई. वही सावकाराची, अक्षर सावकाराचे, अंगठा तेवढा कुळाचा. आपण किती घेतले, किती फेडले, किती उरले हे कुळाला सावकाराच्याच तोंडून कळायचे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने यावर जे उपाय शोधले, ते आज वाचताना मला फार महत्त्वाचे वाटतात. कोर्टाने केवळ रोख्यावर न थांबता व्यवहाराचा पहिल्यापासूनचा हिशेब तपासावा, आणि सावकाराने कुळाला पावती, खात्याचा उतारा, पासबुक द्यावे, असे त्यात होते. कर्जात बुडालेल्या माणसाला आधी त्याचा हिशेब दिसला पाहिजे, हे तेव्हाच्या सरकारला दंगे पेटल्यावर उमगले.

आजचा पगारदार, रिक्षावाला, छोटा दुकानदार यांच्याकडे पासबुक आहे, मोबाइलवर उतारा आहे, दर व्यवहाराचा संदेश येतो. तरीही घराचा हिशेब घराच्या हातात आला आहे असे मला वाटत नाही. उतारा बँक लिहिते, तिच्या सोयीच्या रकान्यांत. खर्चाचे रंगीत वर्तुळ अॅप काढते आणि त्याच पडद्यावर खाली ‘तुम्हाला दोन लाखांचे कर्ज मंजूर आहे’ असेही सांगते. आपल्या परतफेडीचा इतिहास सिबिलसारख्या संस्था ठेवतात. वर्षातून एकदा तो फुकट पाहता येतो, पण कर्ज नाकारले जाईपर्यंत तो पाहणारी माणसे थोडी. माझे म्हणणे एवढेच आहे की बचत वाढवायची आणि देणे कमी करायचे असेल, तर घराची वही घरातल्या माणसांनी स्वतः लिहिली पाहिजे. काटकसर हा तिचा एक परिणाम असेल, पण मुख्य गोष्ट ताब्याची आहे.

यूपीआयने २०१६ पासून एक विचित्र परिस्थिती तयार केली आहे. इतका तपशीलवार हिशेब सामान्य घराकडे पूर्वी कधीच नव्हता. दहा रुपयांचा चहासुद्धा तारीख-वेळेसह नोंदला जातो. पण या उताऱ्यात दुकानदाराचे नाव असते, खर्चाचे कारण नसते. किराणावाल्याला दिलेले १,८०० रुपये महिन्याच्या वाणसामानाचे, की मागच्या उधारीचे, की आलेल्या पाहुण्यांचे, हे फक्त घराला ठाऊक. शिवाय भावाला दिलेले उसने पैसे, भिशीचा हप्ता, सोनाराकडे दर महिन्याला भरलेली रक्कम, लग्नात केलेला आहेर, रोख दिलेली शिकवणीची फी, यातले कितीतरी तिथे येत नाही, किंवा आले तरी ओळखू येत नाही. मराठी घराची निम्मी अर्थव्यवस्था देवघेवीवर चालते, आणि ती बँकेच्या उताऱ्याबाहेर राहते.

म्हणून मी साध्या वहीच्या बाजूचा आहे. मोबाइलमधला तक्ताही चालेल, पण तो स्वतः भरलेला हवा. रकाने फार नकोत. घरभाडे किंवा हप्ता, किराणा, शाळा, प्रवास, औषधपाणी, देवघेव, बाकी. संध्याकाळी लिहून टाकावे, कारण रविवारी आठवून लिहिलेल्या हिशेबात सोयीचे विसरणे फार असते. चहा-नाश्त्याच्या खर्चावर बोट ठेवून माणसांना शरमिंदे करणारा जो उपदेश आज सगळीकडे चालतो, त्यात मला काही अर्थ दिसत नाही. वही दोन-तीन महिने नेमाने लिहिली की बहुतेक घरांत कळते ते वेगळेच: पैसा जातो तो घरात, शिक्षणात, दवाखान्यात आणि लग्नकार्यांत.

आणि ‘अचानक’ आलेल्या खर्चांत. यातले बरेचसे अचानक नसतातच. शाळा जूनमध्येच सुरू होते. गणपती, दिवाळी दरवर्षी येतात. विम्याचा हप्ता, घरपट्टी, गाडीची सर्व्हिसिंग यांच्या तारखा ठरलेल्या असतात. वर्षभराच्या अशा खर्चांची बेरीज करून तिला बाराने भागले आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळी ठेवली, तर जूनमध्ये क्रेडिट कार्ड काढावे लागत नाही. ज्या घरात हा एकच बदल होतो त्या घराचे देणे कमी व्हायला लागते, असे मी ठामपणे म्हणेन. मात्र ती बेरीज समोर यायला आधी एक वर्षाची वही लागते.

देण्याच्या बाजूला आपण हप्ता लिहितो. ही सवय बदलायला हवी. वहीत महिन्याच्या पहिल्या तारखेला शिल्लक मुद्दल लिहावे. हप्त्याचा आकडा काय काय झाकून ठेवतो, ते गृहकर्जात दिसते. २०२१ मध्ये ६.७५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ३० लाख घेतलेल्या कुटुंबाचा हप्ता साधारण २२,८०० रुपये बसत होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला, आणि त्याला जोडलेल्या कर्जांचे दर तेवढेच चढले. दोन वर्षे हप्ते भरून झाल्यावर उरलेल्या साधारण साडेअठ्ठावीस लाखांवर ९.२५ टक्क्यांनी महिन्याचे व्याजच २२,००० च्या आसपास होते. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जेमतेम साडेआठशे रुपये जातात आणि राहिलेली अठरा वर्षे पस्तिसाच्या पुढे सरकतात. खात्यातून मात्र दर महिन्याला तोच आकडा वजा होत असतो, म्हणून घरात कुणाला काही घडल्याचे जाणवत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दरबदलाचा हप्त्यावर आणि मुदतीवर होणारा परिणाम कर्जदाराला कळवण्याची आणि त्याला पर्याय देण्याची सक्ती बँकांवर केली. ते पत्र वाचून काय निवडायचे, हे ज्याच्या वहीत मुद्दल लिहिलेले आहे त्यालाच समजेल. बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडले तर दंड नाही, हा नियम २०१२ पासून आहे. त्याचा फायदाही तोच घेऊ शकेल.

क्रेडिट कार्डाचे गणित याहून क्रूर आहे. ५० हजारांची बाकी, महिना साडेतीन टक्के व्याज, आणि आपण ‘किमान देय’ म्हणून पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये भरले असे धरू. त्यातले १,७५० व्याज, ३१५ त्या व्याजावरचा जीएसटी, आणि मूळ बाकीतून उतरतात ४३५ रुपये. शिवाय बाकी थकलेली असली की नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यांबद्दल तर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच स्पष्ट केले होते की शून्य व्याज असे काही नसतेच. तरी त्या पाट्या दिवाळीत झळकतातच.

मग इतके व्याज भरणाऱ्या घरात सात टक्क्यांच्या आसपास व्याज देणारी आवर्ती ठेव किंवा पीपीएफ चालू ठेवावा का? गणित सांगते, नाही. ठेव मोडा, कार्ड फेडा. मी याच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण पूर्ण नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ या पुस्तकासाठी संशोधकांनी भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गरीब कुटुंबांचे पैशाचे व्यवहार वर्षभर, थोड्या थोड्या दिवसांनी घरी जाऊन नोंदवले. त्यांना दिसले की अगदी तुटपुंज्या मिळकतीची कुटुंबेही एकाच वेळी बचत करतात आणि कर्जही घेतात. शेजारणीकडे ठेव, भिशी, दुकानात उधारी, नातेवाइकांचे उसने, सावकाराचे कर्ज, सगळे एकत्र. यात अडाणीपणा नाही. एकदा मोडलेली बचत पुन्हा उभी राहत नाही, हा त्यांचा अनुभव आहे, आणि कर्जाचा तगादा जसा पैसे काढायला लावतो तसा बचतीचा लावत नाही. म्हणून माझे मत असे की दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम अडीनडीला बाजूला ठेवावी, आणि त्यापलीकडचा प्रत्येक रुपया सर्वांत महागड्या कर्जाकडे वळवावा. ती रक्कम नसेल तर पहिले आजारपण फेडलेले कार्ड पुन्हा भरून टाकते.

कोणते देणे आधी, यावरही हिशेबतज्ज्ञ फार ठाम असतात: चढ्या व्याजाचे आधी. पण आपल्या वहीत एक असे देणे असते ज्याला व्याजच नाही. मामांनी ऑपरेशनच्या वेळी दिलेले ४० हजार. गणिताप्रमाणे ते सर्वांत शेवटी फेडावे. मी तसे सांगणार नाही. ते पैसे थकले की माणूस मामांचा फोन उचलायचे टाळू लागतो, लग्नाला जाईनासा होतो, आणि पुढच्या अडचणीत उभे राहणारे एकमेव माणूस गमावतो. थोडे थोडे, पण दर महिन्याला त्यांना देत राहावे आणि वहीत त्यांचे नाव सर्वांत वर असावे.

वही घरात आली की ती कुणी लिहायची हाही प्रश्न येतो, आणि इथे मला काळजी वाटते. पुष्कळ घरांत हिशेब हे नवऱ्याचे शस्त्र झालेले आहे. बायकोने भाजीच्या पैशाचा हिशेब द्यायचा, त्याच्या खर्चाला मात्र रकाना नाही. ती डब्यात चार नोटा लपवते, कारण तेवढाच पैसा तिच्या मर्जीचा असतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा असे कितीतरी डबे नाइलाजाने उघडावे लागले, आणि आयुष्यभराची गुप्त बचत घरातल्या पुरुषांसमोर आली. एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने जाब द्यायचा, अशी वही सावकाराच्या वहीपेक्षा फार वेगळी नाही.

याला तोड महाराष्ट्रातल्या बायकांनीच शोधलेली आहे. बचत गटांची पंचसूत्री खेड्यापाड्यांत पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेबलेखन. बैठकीत कुणी किती भरले, कुणाकडे किती थकले हे सगळ्यांसमोर वाचले जाते. सचिव लिहिते, पण वही तिची नसते. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नाही तिलाही स्वतःची बाकी ठाऊक असते, कारण ती दर बैठकीत कानावर पडते. पगाराच्या आठवड्यात नवरा-बायकोने, आणि मोठी मुले असतील तर त्यांनीही, असे बसावे. दोघांच्या खर्चाला रकाने असावेत, आणि दोघांना प्रत्येकी थोडी रक्कम अशी असावी जिचा हिशेब कुणी कुणाला मागायचा नाही.

शेवटी एक गोष्ट राहते, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. वही प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या अनेकांना वर्षाअखेरीस कळते की गळती कुठेच नाही. भाडे, किराणा, फी, औषधे, सगळे रास्त आहे. मिळकतच अपुरी आहे. कंत्राटी शिक्षक, घरकाम करणारी बाई, कोरडवाहू शेतकरी यांना काटकसरीचे धडे देणे मग अन्यायाचे होते. पण तीच वही तेव्हा दुसऱ्या कामी येते. शेतकरी नेते शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले. कितीही राबले तरी शेतीचा जमाखर्च जुळत नाही, हे त्यांनी तिथे स्वतः पाहिले, आणि १९८० च्या सुमारास चाकणच्या कांदा आंदोलनातून उत्पादन खर्चावर आधारित रास्त भावाची मागणी महाराष्ट्रभर गेली. शेतकऱ्याने बियाणे-खताबरोबर घरच्या माणसांची मजुरीही खर्चात धरली, की त्याचे कर्ज त्याच्या उधळपट्टीतून आलेले नाही हे आकड्यांत दिसते. किमान वेतनासाठी भांडणाऱ्या घरकामगार बाईकडे तिच्या बारा महिन्यांची वही असेल, तर कितीत भागते हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरत नाही. ती मालकिणीसमोर आणि अधिकाऱ्यासमोर स्वतःचा आकडा ठेवू शकते.