पोटाचा हक्क

महागाई हा शब्द आपण अर्थशास्त्राच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. भाव चढतात, भाव उतरतात, ही जणू पावसापाण्यासारखी गोष्ट. तिचा नीती-अनीतीशी काय संबंध, असा आपला समज असतो. आम्हाला तसे वाटत नाही. वाढलेल्या भावाचा भार अखेर कोणाच्या तरी ताटावर पडतो, आणि तो नेमका कोणाच्या ताटावर पडावा हे माणसेच ठरवत असतात. जिथे माणसे ठरवतात तिथे न्यायाचा प्रश्न उभा राहतो. आखाती देशांत राबणाऱ्या आमच्या माणसांच्या किराण्याकडे पाहिले की हे फार स्पष्ट दिसते.

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या आमच्या मोहल्ल्यांत, घरातले कोणीच कधी दुबई, कुवेत किंवा सौदीला गेले नाही असे घर शोधावे लागेल. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, तिकडे बांधकामे निघाली आणि खलाशाचा मुलगा विमानात बसला. तेव्हापासून मनीऑर्डर, ड्राफ्ट आणि आता मोबाइलवरून येणारा पैसा, यावर आमची घरे उभी राहिली. या पैशाविषयी पुष्कळ लिहिले गेले. तो पैसा वाचतो कुठून, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

परदेशातल्या साध्या कामगाराच्या महिन्याच्या हिशेबात चार रकमा असतात : पगार, बेडचे भाडे, गावी पाठवायचे पैसे आणि खाणे. पगार करारात लिहिलेला असतो. दोन-दोन वर्षे तो जागचा हलत नाही. भाडे वाढवणे मालकाच्या हातात, कमी करणे भाडेकरूच्या हातात नाही. गावी पाठवायच्या रकमेमागे बहिणीचे लग्न, अब्बांची औषधे, पतपेढीचा हप्ता आणि घराचा अर्धवट राहिलेला स्लॅब उभा असतो. उरते ते खाणे. चारांपैकी ही एकच रक्कम त्याच्या स्वतःच्या ताब्यात. म्हणून भाव वाढले की तो इथेच कात्री लावतो. मेसमध्ये आठवड्यातून दोनदा शिजणारे मटण एकदाच शिजू लागते, पापलेटच्या जागी तारली येते, मग तारलीही जाते आणि खुबूस-डाळीवर दिवस निघतात. बकालावाल्याच्या वहीत उधारीचे पान भरत जाते. जगाच्या बाजारातली तेजी अशी पायऱ्या उतरत उतरत एका माणसाच्या पोटापर्यंत येते आणि तिथे थांबते, कारण त्याच्या खाली ढकलायला कोणी उरलेले नसते.

२००७-०८ सालचे उदाहरण घेऊ. त्या वर्षी तांदूळ, गहू, खाद्यतेल जगभर महागले. भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये बिगरबासमती तांदळाच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि एप्रिल २००८ मध्ये ती बंदच केली. अमिराती आणि कतारमधली महागाई दोन आकड्यांवर गेली. दिरहम आणि रियाल डॉलरला बांधलेले. डॉलर घसरला तसे तेही घसरले आणि बाहेरून येणारे प्रत्येक पोते महाग झाले. या देशांत तर बहुतेक धान्य बाहेरूनच येते. त्याच सुमारास रुपया वधारला. शंभर दिरहमचे सुमारे बाराशे रुपये होत, ते अकराशेच्या खाली आले. म्हणजे तिथे खायला जास्त लागत होते आणि गावी तेवढेच रुपये पोचवायलाही जास्त लागत होते. जुलै २००८ मध्ये तेल पिंपाला १४७ डॉलरवर पोचले. ज्या तेजीने त्या देशांच्या तिजोऱ्या भरल्या, तिच्याच काळात तिथल्या मजुराचे ताट रिकामे होत होते. २००७ च्या ऑक्टोबरात दुबईतल्या बांधकाम मजुरांनी आणि २००८ च्या जुलैत कुवेतमधल्या सफाई कामगारांनी संप केले. कुवेतमध्ये कित्येकांना मायदेशी धाडण्यात आले. पण सफाई कामगारांचा किमान पगार चाळीस दिनार असेल, हेही तिथल्या सरकारला जाहीर करावे लागले. पोटाने बोलायचे ठरवले की काय होते आणि त्यासाठी काय मोजावे लागते, या दोन्ही गोष्टी त्या वर्षी दिसल्या.

पुढे रुपयाची दिशा बदलली. २०२२ मध्ये डॉलर ऐंशी रुपयांच्या वर गेला. गावी बँकेच्या खात्यात जास्त रुपये दिसू लागले आणि ‘यंदा बरकत आहे’ असे घरोघरी म्हटले गेले. पण त्या माणसाचा पगार दिरहममध्ये होता तेवढाच होता. युक्रेनच्या युद्धामुळे गहू आणि तेल भडकले होते. मे २०२२ मध्ये भारताने गव्हाची निर्यात बंद केली होती. त्याला आटा दिरहम मोजूनच घ्यायचा होता. एकाच हुंडणावळीच्या दराने इकडे आनंद झाला आणि तिकडची चणचण मात्र इकडे कोणाला दिसली नाही.

मग भाव न्याय्य कधी म्हणावा? आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला आहे आणि तो वरवरचा नाही. मदिनेत भाव वाढले तेव्हा लोकांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे भाव बांधून देण्याची मागणी केली. त्यांनी ते मान्य केले नाही. चढ-उतार अल्लाहच्या हाती आहे, आणि आपल्याला अल्लाहसमोर जाताना कोणाच्याही जिवाचा वा मालाचा दावा अंगावर नको, अशा अर्थाचे उत्तर हदीसमध्ये नोंदलेले आहे. काहीजण याचा अर्थ ‘बाजाराला मोकळे सोडा’ असा लावतात. पण त्याच हदीसग्रंथांत साठेबाजाला गुन्हेगार म्हटले आहे. बाहेरून येणाऱ्या काफिल्याला शहराबाहेरच गाठून, त्याला बाजारभाव कळण्याआधी माल घेऊन टाकण्याची मनाई आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातला विचारवंत इब्न तैमिया याने ‘अल-हिस्बा’ या ग्रंथात ही गोष्ट उलगडून सांगितली. माल खरोखरच कमी असल्याने भाव वाढला तर विकणाऱ्यावर जबरदस्ती करणे हा जुलूम; पण लोकांना गरज असताना माल दाबून ठेवला जात असेल तर योग्य भावाने विकायला लावणे हाच न्याय, असे त्याचे म्हणणे आहे.

यातून आम्ही एक कसोटी घेतो. भाव जास्त आहे की कमी, यावरून न्याय ठरत नाही. कोणाच्या अडचणीचा, अज्ञानाचा किंवा गप्प राहण्याचा फायदा घेतला गेला का, यावरून तो ठरतो.

ही कसोटी लावली की आपल्या सोयीच्या तक्रारीही तपासाव्या लागतात. कांद्याचेच पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने कांद्याची निर्यात बंद केली; ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. दुबईच्या खोलीत कांदा महाग झाला तेव्हा आमचा माणूस चिडला आणि ते साहजिकच होते. पण त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा कांदा भाव पडल्याने मातीमोल होत होता आणि लासलगावसारख्या बाजारपेठेत संताप होता. इकडे शहरातल्या गिऱ्हाइकाला तो स्वस्त मिळत होता. एकाच कांद्याने तिघांच्या संसारात तीन वेगळ्या गोष्टी केल्या. बंदी नसती तर परदेशातल्या कामगाराला दिलासा मिळाला असता आणि शेतकऱ्यालाही चार पैसे मिळाले असते. पण मुंबईच्या झोपडपट्टीत कांदा चढला असता. स्वस्ताई ही आकाशातून पडत नाही. ती कोणीतरी सोसलेली असते. जो म्हणतो, ‘मला स्वस्त हवे’, त्याने ‘कोणाच्या खर्चाने?’ हेही विचारले पाहिजे. आमचा माणूसही याला अपवाद नाही.

राज्यसंस्थेचे काय? नागरिक आणि परका यांच्या ताटांत प्रत्येक राज्य फरक करते. कुवेतमध्ये नागरिकांना सवलतीचे रेशन मिळते, परदेशी कामगाराला त्याचे कार्ड मिळत नाही. खुबूसवर मात्र तिथल्या सरकारने अनुदान दिले आणि ती स्वस्त रोटी अमीर-गरीब, देशी-परदेशी सगळ्यांनी खाल्ली. ही दाद देण्यासारखी गोष्ट आहे. सौदीने जानेवारी २०१८ मध्ये पाच टक्के मूल्यवर्धित कर लावला आणि जुलै २०२०मध्ये, ऐन कोरोनात, तो पंधरा टक्क्यांवर नेला. या कराला श्रीमंताची डाळ आणि गरिबाची डाळ यांतला फरक कळत नाही. त्याआधी जुलै २०१७ पासून परदेशी नोकरदाराच्या बायकामुलांवर माणशी दरमहा शंभर रियाल शुल्क सुरू झाले आणि ते दर वर्षी शंभरने वाढत गेले. ज्यांनी कुटुंब तिकडे नेले होते, त्यांतल्या अनेकांना बायकामुलांना गावी परत धाडावे लागले. कतारने मार्च २०२१ पासून सर्वांसाठी एकच किमान वेतन ठरवले : एक हजार रियाल, आणि मालक जेवण देत नसेल तर जेवणाचे वेगळे तीनशे. तीनशे रियाल पुरेसे की अपुरे, यावर वाद घालता येईल. पण कामगाराला पोट आहे आणि त्याचा हिशेब पगारापासून वेगळा लिहिला पाहिजे, हे एका कायद्याने मान्य केले, याला आम्ही महत्त्व देतो.

आता आपल्या घरात येऊ, कारण खरा कठीण प्रश्न इथेच आहे. परदेशातला माणूस फोनवर ‘जेवलो, मस्त जेवलो’ म्हणतो. आई विचारते तेव्हा तर नक्कीच म्हणतो. त्याच्या या लपवण्याला आपण सब्र म्हणतो, त्याग म्हणतो, त्याचे कौतुक करतो. पण लपवलेला त्याग नेहमीच सद्‌गुण असतो का? दान गुप्तपणे द्यावे असे आपल्याला शिकवले आहे, ते घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून. इथे गुप्ततेचा परिणाम उलटा होतो. घरच्यांना त्याच्या ताटात काय आहे ते ठाऊक नसते, म्हणून मागणी वाढत जाते. लग्नात दोनशे पानांच्या जागी पाचशे पाने बसतात, फरशीच्या जागी मार्बल येतो. मागणारे दुष्ट नसतात. त्यांना माहीत नसते, एवढेच. न कळवता केलेला त्याग आपल्याच माणसांना नकळत जुलमी करून ठेवतो. काफिल्याला शहराबाहेर गाठणारा व्यापारी दुसऱ्याच्या अज्ञानाचा फायदा मुद्दाम घेतो. आमच्या घरांत तोच फायदा प्रेमाने, काही न कळता घेतला जातो, आणि ज्याच्याकडून घेतला जातो तो स्वतःच ते अज्ञान जपतो.

हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी आपले मित्र हजरत अबू दरदा (रजि.) यांना समजावले होते की माणसावर त्याच्या रबचा हक्क आहे, घरच्यांचा हक्क आहे, तसा त्याच्या स्वतःच्या जिवाचाही हक्क आहे, ज्याचा त्याला द्यावा. पैगंबरांनी सलमानचे म्हणणे खरे ठरवले. अबू दरदा तर इबादतीसाठी पोट मारत होते. इबादतीपुढेही पोटाचा हक्क उरत असेल, तर मार्बलच्या फरशीपुढे तो कसा संपेल?

भार वाटून घेणे म्हणजे काय, याचा नमुनाही इतिहासात आहे. हिजरी १८ च्या दुष्काळात हजरत उमर (रजि.) यांनी लोकांना मिळेपर्यंत तूप-दूध खाण्याचे सोडले आणि तेलावर दिवस काढले, इतके की त्यांचा वर्ण काळवंडला, असे सांगतात. खलिफाच्या न खाण्याने धान्य वाढत नव्हते; धान्य त्यांनी शामहून मागवले. पण सगळ्यांची उपासमार होत असताना एकाचे ताट वेगळे राहू नये, हे त्यांनी पाळले. कुटुंब ही छोटी हुकूमतच आहे. तिकडे एकजण डाळ-खुबूसवर असेल तर इकडच्या दावतीला विचारावेसे वाटले पाहिजे की हे कोणाचे आहे.

यावर उपाय फार मोठा नाही. पाठवायची रक्कम ठरवताना पहिला आकडा त्याच्या खाण्याचा लिहावा. लग्न, घर, हप्ते त्याखाली. त्याने आपले ताट खरे सांगावे आणि घरच्यांनी ते ऐकून लग्नाची पाने कमी करण्याचे धैर्य दाखवावे. जमातीच्या बैठकीत मानपान आणि जेवणावळींवर मर्यादा घालण्याचे ठराव होतात, ते पाळले गेले तर कितीतरी परदेशी ताटांत पुन्हा मासळीचा तुकडा येईल.

आणि हा हिशेब फक्त आपल्या माणसापुरता मांडला तर तो हिशेब नव्हे, गाऱ्हाणे होईल. आपल्या हापूसच्या बागा राखायला नेपाळी गडी येतो. आपली घरे बांधायला कर्नाटकातला, बिहारमधला मजूर येतो. तोही बायकामुले मागे ठेवून आला आहे, त्यालाही गावी पैसे धाडायचे आहेत आणि त्याच्याही हिशेबात खाण्याचीच रक्कम तेवढी मऊ आहे. त्याच्यासाठी आपले कोकण हेच आखात आहे. तूरडाळ आणि गोडेतेल वाढल्यावर त्याची रोजी आपण आपणहून वाढवली का? की त्याने मागेपर्यंत थांबलो? आखातातल्या मालकाकडून आपल्या मुलासाठी जे मागतो, ते आपल्या अंगणातल्या माणसाला दिल्याशिवाय मागण्याचा अधिकार मिळत नाही. पोटाचा हक्क मानायचा असेल तर तो बागेतल्या गड्यापासूनच मानावा लागेल.