तिथं कुणी राहत न्हाई का?

आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बोरिवलीला आले होते. १९९४ साल असेल. आम्ही तेव्हा पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. एका सकाळी बाल्कनीत बसून त्यांनी केळं खाल्लं आणि साल हातात धरून तसेच बसून राहिले. मी म्हटलं, काय झालं?

"हे कुटं टाकू?"

"बादलीत टाका की."

"आन मग?"

"बाई येते, खाली नेते. मग गाडी येते."

"गाडी कुटं नेती?"

"गोराईला. खाडीकाठी मोठं डंपिंग ग्राउंड आहे."

आबांनी साल बादलीत टाकलं, हात धोतराला पुसले आणि डोळ्यावरची हिरवी पट्टी सारखी करत म्हणाले, "तिथं कुणी राहत न्हाई का?"

मी हसलो आणि ऑफिसची पिशवी उचलली. खरं तर मला उत्तर माहीत होतं. गोराईच्या वसाहतीतला एक जण माझ्याच टेबलाशेजारी बसायचा. पावसाळ्यात घरी खिडक्या लावून जेवावं लागतं, असं तो डबा खाताना सांगायचा. आम्ही ऐकायचो आणि लोणचं पुढं सरकवायचो.

आबांना तो प्रश्न पडला, कारण त्यांनी आयुष्यात काही 'टाकलं' नव्हतं. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी गोठ्याच्या मागं उकिरडा होता. आई सकाळी गोठा झाडायची. शेणाच्या गोवऱ्या लावून उरलेलं, गव्हाणीतलं चगळ, चुलीतली राख, भाजीची देठं, सगळं पाटीत भरून उकिरड्यावर. कोंबड्या ते उकरत बसायच्या. चैत्र-वैशाखात गाडी जुंपून ते खत रानात जायचं, ठिकठिकाणी ढीग घालायचे आणि मग आम्ही पोरं ते इस्कटायला. शहरात उकिरडा म्हटलं की लोक नाक मुरडतात. आमच्या भावकीत वाटण्या झाल्या, तेव्हा उकिरड्याच्या जागेवरून दोन वर्षं अबोला होता. वास यायचा, डास व्हायचे, पण तो वास आमचा होता, आमच्याच मागच्या दाराशी.

इथवर लिहिलं की गावाचं कौतुक करायला हात शिवशिवतात. पण मला थांबावं लागतं. एक तर त्या उकिरड्यात न कुजणारं काही नसायचं, कारण घरातच तसं काही नव्हतं. तो काही आमचा शहाणपणा नव्हता, परिस्थिती होती. आणि दुसरी गोष्ट ओढ्याची.

गावाचा ओढा वरून येतो. वरच्या अंगाला आमचं पाणवठ्याचं कुंड, तिथं बाया धुणं धुवायच्या आणि आम्ही म्हशी घालायचो. खालच्या अंगाला, आता ज्याला बौद्धवाडी म्हणतात, तिथल्या माणसांचं पिण्याचं पाणी. वाळूत हातभर खड्डा, त्याला आम्ही झिरा म्हणायचो. करवंटीनं एकेक वाटी घेऊन घागर भरायची. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. म्हशीच्या पाठीवर बसून डोहात धिंगाणा चालला होता. गढूळ पाणी खाली चाललेलं. झिऱ्याशी एक म्हातारी बसली होती. तिनं वर बघून हाक मारली, "बाळा, जरा दम धरशील का? पाणी निवळू दे." मला 'अरे'सुद्धा म्हणाली नाही. मी ऐकलं आणि आणखी जोरात पाय आपटले. ती करवंटी हातात धरून बसून राहिली. पाणी निवळेपर्यंत बसणं तिला सवयीचं असावं. मला कुणी रागावलं नाही. रागावण्यासारखं काही झालं, असं गावात कुणाला वाटलंच नसतं.

घाण खालच्या अंगाला जाते, एवढंच शास्त्र आम्हाला ठाऊक होतं. खालच्या अंगाला कोण राहतं, ते मात्र पाणी ठरवत नाही.

मुंबईत आल्यावर मी हेच शास्त्र जास्त सोयीनं पाळलं. घरचं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, दहिसर नदीच्या पुलावरून खाली सोडायचं. वर हात जोडायचे. ही नदी नॅशनल पार्कातून, तुळशी तलावाकडून येते. पार्कात तिचं पाणी नितळ असतं, हे मी मुलांना सहलीला नेऊन दाखवलंय. नंतर ती वस्तीत शिरते आणि आमच्यासारखे पुलावर उभे असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, नद्या-नाले उलटे फिरले. आमच्या तळमजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशी चिखलात एक गाठ मारलेली पिशवी निघाली. आत कुजलेला झेंडू. माझीच होती असं नाही. पण माझी नव्हती, हेही मला म्हणता येईना. त्या दिवसानंतर पुलावर गेलो नाही. निर्माल्य कुंडीत घालू लागलो आणि पुष्कळ पुण्य केलं असं वाटून घेतलं.

२००७ साली गोराईचं डंपिंग बंद झालं. ढिगावर मातीचे थर दिले, आतला वायू पाइपांनी काढायची सोय केली, वर हिरवळ आली. माझ्या टेबलाशेजारच्यानं पेढे वाटले. मी आनंदानं आक्काला फोन केला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, लग्न होऊन मुलुंड पूर्वेला दिलेली. तिच्या घरापासून मुलुंडचं डंपिंग चालत जाण्याच्या अंतरावर. ती सगळं ऐकून म्हणाली, "बरं झालं रे. पण तुमची गाडी बंद झाली म्हंजे तुमचा कचरा बंद झाला का?"

मी गप्प.

"मग तो आता कुटं येतोय?"

उरल्या होत्या दोन जागा, देवनार आणि मुलुंड. देवनार तर १९२७ पासूनचं. माझ्या केळ्याच्या साली आता कदाचित सख्ख्या बहिणीच्या खिडकीशी जाऊन पडत होत्या, आणि भाऊबीजेला मी तिच्याकडे जाऊन "अगं, काय वास येतो गं तुमच्याकडं" असं म्हणत होतो.

वास का येतो, हेही मला उशिरा कळलं. मुंबईच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग ओला, म्हणजे स्वयंपाकघरातला. तो प्लास्टिकमध्ये बांधून एकावर एक दाबला की आत हवा जात नाही. उकिरड्यात हवा खेळते, कोंबड्या उकरतात, म्हणून त्याचं खत होतं. हवेविना तेच सडतं, त्यातून मिथेन निघतो आणि काळं पाणी झिरपतं. मिथेन पेट घेतो. २०१६ च्या जानेवारीत देवनार पेटलं तेव्हा धूर इतका पसरला की आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. म्हणजे कचऱ्यात खोट नव्हती. शेतात गेला असता तर सोनं झाला असता. आम्ही त्याला गाठ मारली.

२०१८ च्या ऑक्टोबरात मुलुंडला कचरा टाकणं थांबलं. चोवीस हेक्टर जागा, सुमारे सत्तर लाख टनांचा डोंगर. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. आक्काच्या उकिरड्याला पन्नासेक वर्षं लागली. तिचा फोन आला, आवाजात लग्नघर. पण मधेच ती थबकली. तिची थोरली लेक विक्रोळीला कन्नमवारनगरात राहते. आता भार कांजूरमार्गच्या क्षेपणभूमीवर. "आता पोरीकडं वास जाणार व्हय रे?" असं ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघं तिच्या गुडघ्यांबद्दल बोललो.

इथं माणूस दोन गोष्टी म्हणतो. एक, हे काम महापालिकेचं आहे. आहेच, कर भरतो आपण. शास्त्रोक्त प्रक्रिया, वेळेवर गाड्या, हे मागायलाच हवं. दुसरी, रोज सहा हजार टनांहून जास्त कचरा निघणाऱ्या शहरात माझ्या एकट्याच्या बादलीनं काय होणार? हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ढालीसारखा वापरला. पण म्हातारीचं पाणीही माझ्या एकट्याच्या पायांनीच गढूळ होत नव्हतं. आणखी चार पोरं होती. म्हणून मी पाय आपटायचे थांबवले असते, तर काय बिघडलं असतं?

शेवटी साठीच्या तोंडावर एक प्लास्टिकचा पिंप आणला, भोसकून भोकं पाडली आणि बाल्कनीत ठेवला. पहिल्या महिन्यात फजिती. अळ्या झाल्या, पाणी गळलं, खालच्यांनी येऊन सुनावलं. शेतकऱ्याचा पोरगा, पण विसरलो होतो की ओल्यावर सुकं लागतं. मग रस्त्यावरचा पाचोळा पोत्यात भरून आणू लागलो. रोजच्या ओल्यावर मूठ-दोन मुठी पाचोळा, मध्ये जरा आंबट ताक, आठवड्याला काठीनं ढवळणं. वास गेला. दोन-अडीच महिन्यांत खाली काळी माती दिसायला लागली. आमच्या घरचा रोजचा अर्धा किलो धरला, तर वर्षाला पावणेदोन क्विंटलच्या वर कचरा गाडीत चढत नाही.

सोसायटीच्या सभेत विषय काढला, मागच्या मोकळ्या जागेत सगळ्यांचा मिळून खड्डा करू म्हणून. २०१७ पासून मोठ्या सोसायट्यांना ओल्या कचऱ्याची जागच्या जागी विल्हेवाट लावायला महापालिकेनं सांगितलंच आहे. आमची लहान, त्यामुळे सक्ती नाही. एक सुशिक्षित गृहस्थ उठून म्हणाले, "काका, कल्पना छान आहे, पण वास येईल हो. इथं माणसं राहतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बसलो खाली. नंतर कचरा उचलणाऱ्या बाईनं जिन्यात गाठलं. तिनं सभेतलं ऐकलं असावं. म्हणाली, "खड्डा नाय झाला तर नाय. निदान ब्लेड आणि काचा कागदात गुंडाळून वेगळ्या द्यायला सांगा ना." तिच्या अंगठ्याला चिंधी होती. एवढं मात्र सोसायटीनं ऐकलं. बावीसपैकी पंधरा घरं आता ओलं-सुकं वेगळं देतात. तिघांकडं पिंप आलेत.

मागच्या उन्हाळ्यात दहा किलो खत पिशवीत भरून एसटीनं गावी नेलं. भावानं चेष्टा केली, "मुंबैहून खत आणतोय, काय काळ आला!" वहिनीनं चिमूटभर हुंगून ते परसातल्या मिरच्यांना घातलं. आमचा उकिरडा आता नाही, तिथं भावाची मोटारसायकल उभी असते. कचऱ्याला ट्रॉली येते. भाऊ कौतुकानं सांगत होता. मी विचारलं, ट्रॉली कुठं रिकामी होते? त्यानं हनुवटीनं ओढ्याकडं दाखवलं. खालच्या अंगाला.

सकाळी तिकडं गेलो. नळ आल्यापासून झिरा बुजलाय. पण जागा ओळखली. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, चिप्सची पाकिटं, सगळं वाळूत रुतलेलं. पोतं घेऊन वेचायला लागलो. बौद्धवाडीतलं दहा-बारा वर्षांचं एक पोरगं काठावर उभं राहून बघत होतं. "काका, काय हरवलंय का?" मी म्हटलं, नाही रे, येतोस का हाताला? ते आलं. पोतं धरायला दुसरा माणूस असला की काम पटापट होतं. तासाभरात पोतं भरलं, तेव्हा त्यानं विचारलं, "आता हे कुटं टाकायचं?"

दुधाच्या पिशव्या तालुक्याचा भंगारवाला घेतो, एवढं त्याला सांगितलं. त्या आम्ही वेगळ्या काढल्या. पुड्या आणि पाकिटं कुणी घेत नाही. ते पोतं भावाच्या पडवीत ठेवून मी मुंबईला आलो. वहिनीचा दोनदा फोन येऊन गेला, त्याचं काय करायचं म्हणून.