जोडणी

संगणक सर्व्हरला जोडला की आधी सत्ता बदलते, मग सेटिंग्ज.

विंडोज २००० सोबत ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली; तिच्यातली कचेऱ्यांची रीत अशी. यंत्र डोमेनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या ताब्यातल्या यंत्रांच्या गटात, घेतात, ते पुन्हा सुरू होते, आपण नव्या खात्याने आत जातो. समोर कोरा डेस्कटॉप. जुन्या फायली कुठे गेलेल्या नसतात, जुन्या खात्याच्या फोल्डरमध्ये जशाच्या तशा असतात. पण यंत्राच्या लेखी आपण आजच आलेलो असतो.

त्याच क्षणी डोमेनचे प्रशासक या संगणकाचेही प्रशासक होतात. पडद्यावर याची काहीच खूण नसते.

घड्याळही आता सर्व्हरचे. बदल सर्वांत लहान, पण मला तोच सर्वांत खोल वाटतो. ओळख पटवणाऱ्या कर्बेरॉस पद्धतीत वेळेच्या तफावतीची मूळ मर्यादा पाच मिनिटांची. ‘तू कोण’ याच्या आधी ‘आत्ता किती वाजले’ यावर एकमत लागते.

यंत्राला स्वतःचे खाते मिळते, पासवर्डही. तो कुणी माणूस टाइप करत नाही. साधारण ३० दिवसांनी यंत्र तो आपणच बदलते.

मग ग्रुप पॉलिसी. आधी यंत्राचा स्वतःचा नियम लागतो, त्यावर साइटचा, त्यावर डोमेनचा, शेवटी विभागाचा. दोन नियम भांडले तर सहसा नंतरचा टिकतो. सर्वांत जवळचा नियम सर्वांत दुबळा. आणि हे नियम वरून लादलेही जात नाहीत: यंत्रच दर दीड-दोन तासांनी सर्व्हरकडे जाऊन विचारते, नवे काही आहे का? हुकमापेक्षा ही विचारण्याची सवय जास्त पक्की.

याला मी जुलूम म्हणणार नाही. शेकडो यंत्रांतली एकच फट बुजवायची तर प्रत्येक टेबलाशी थांबून चालत नाही. पण गरज खरी असली म्हणून न सांगण्याचा हक्क मिळत नाही. घरून आणलेला लॅपटॉप जोडताना तर मुळीच नाही. डोमेन सोडल्यावरही काही बदल मागे राहतात.

कोणता नियम कुठून आला, हे ‘जीपीरिझल्ट’ या कमांडने दिसते. आपल्या खात्याचे नियम आपण पाहू शकतो. यंत्रावरचे पाहायला प्रशासकाचे अधिकार लागतात. ज्याला दिवसभर त्या यंत्रावर काम करायचे आहे, त्याच्या हाती ही दुसरी यादी जोडणीपूर्वीच, छापून, दिली पाहिजे.