फुकटच्या दुरुस्तीचा धनी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडं मोठ्या ऐटीनं म्हणतात. ही म्हण वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि वापरून ती बिघडतही नाही. फुकटच्या बाकीच्या वस्तू मात्र बिघडतात. मग प्रश्न पडतो, दुरुस्त कुणी करायच्या?

आमच्या शाखेतल्या एका काकांनी निवृत्तीआधी, २०२१ साली, सोनेतारणाचं व्याज पडताळायचा तक्ता कॉम्प्युटरवर करून ठेवला. घरी बसून, स्वतःच्या चहावर. आम्ही तो वापरू लागलो आणि लगेच सूचनाही करू लागलो. “काका, बेरीज लाल रंगात आली तर?” त्या लाल रंगापायी मॅनेजरसाहेबांनी एकदा भजेसुद्धा मागवले. आतली चूक शोधण्यासाठी कुणी भजे मागवल्याचं मला आठवत नाही.

२९ फेब्रुवारी २०२४ला एका गिऱ्हाइकाचं व्याज काही केल्या जुळेना. काकांनी फेब्रुवारी कायमचा २८ दिवसांचा धरला होता! मी फोन लावला आणि जरा चढ्या आवाजातच म्हणालो, “काका, तुमचा तक्ता चुकतोय!” तिकडून उत्तर आलं, “बघतो हं. दवाखान्यात आहे, हिला भरती केलंय.” रात्री अकराला तक्ता दुरुस्त होऊन आला. सोबत ‘तसदीबद्दल क्षमस्व’. मी बी.कॉम. आहे, नावे कुठलं आणि जमा कुठलं एवढं मला कळतं. ती क्षमा चुकीच्या बाजूला पडली होती.

पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत असलेल्या भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “मामा, साऱ्या जगाचं असंच आहे.” ओपनएसएसएल नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे, कुणीही उघडून पाहावा असा. इंटरनेटवरच्या व्यवहारांचं ते कुलूप. २०१४च्या एप्रिलमध्ये त्यातली ‘हार्टब्लीड’ नावाची खोट उघडकीला आली. दोन वर्षं ती आत बसून होती. तेव्हा कळलं, की या कुलपाला पूर्णवेळ माणूस एकच, आणि वर्षाची देणगी सुमारे दोन हजार डॉलर! पैसे देऊन सांगितलेली कामं मिळत, पण ती ज्याच्या त्याच्या सोयीची. म्हणजे लाल रंगाचीच. पायाची भेग कुणाचीच नव्हती. बोभाटा झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी वर्गणी काढली.

कुणी म्हणेल, ज्यानं केलं त्यानंच निस्तरावं. आतलं त्यालाच ठाऊक. खरं आहे. पण त्यानं दिलं ते ‘हमी नाही’ असं लिहूनच दिलं. एस.टी.त ‘सामान सांभाळा’ लिहितात तसं. तेव्हा हात त्याचा असू द्या. खर्च, ज्याचा धंदा त्यावर चालतो त्याचा.

आमच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी केवडा रोगाला दाद देत नसे, म्हणून ती दूरवर गेली. पुढं रोगानं ठिकठिकाणी तिलाही गाठलं. पण तिथं नवं वाण शोधायला पगारी शास्त्रज्ञ तरी असतात. काकांना पेन्शन आहे, पण ती तक्त्याची नव्हे.

शेवटी चार रविवार मी वही घेऊन काकांकडं बसलो आणि तक्ता शिकलो. आता त्याच्या तळाशी माझा नंबर आहे. परवा नवा क्लार्क म्हणाला, “साहेब, तुमचा तक्ता चुकतोय.”

मी आधी भजे मागवले. पैसे त्याला द्यायला लावले.