मांडलेले पान

मित्राकडच्या सणाला जाणे हा आनंद की ऋण? माझा एक बालमित्र अलिबागेला असतो. दर दिवाळीला त्याचे बोलावणे येते. २०२० पासून रो-रो बोट भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट तासाभरात मांडव्याला पोचवते. 'जमले नाही' म्हणायची सोय आता उरली नाही. (सोयीने मोठीच गैरसोय केली!) फराळाचा डबा काय, कुणाहातीही धाडता येतो. पण १७ जुलै १९४७ ला याच धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. दिव्याची अवस तोंडावर होती. कित्येकजण सणाला घरी निघाले होते. ऋण फेडायला कुणी भर पावसात त्या गर्दीत शिरला असेल, असे मला वाटत नाही. घरी आपले पान मांडलेले असेल, एवढेच त्यांना ठाऊक होते.